हौदामागची शिंगं

मी जन्मभर शेवाळ खरडलं. लहानपणी माहेरच्या विहिरीवर, लग्नानंतर सासरच्या विहिरीवर, आणि पुढं बावीस वर्षं तालुक्याच्या गावी मुलींच्या एका वसतिगृहात. तिथं पाण्याच्या टाक्या, न्हाणीघरं आणि मागचा जिना माझ्याकडं होता. तुटक्या विळ्याचं पातं आणि धरायला त्याला गुंडाळलेली चिंधी, एवढंच हत्यार. काम सुटलं तेव्हा ते पातं मी घरी आणलं. कुणी मागितलं नाही, मी विचारलं नाही.

माझं शिक्षण चौथी. वाचता येतं, लिहिता येतं. हे लिहायला कारण माझी नात आहे, पण तिनं सांगितलं म्हणून मी लिहीत नाही. ती उलट म्हणाली, झालं ते झालं, आता कशाला उगाळतीस. मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते.

शेवाळाशी माझं वैर होतं. माझी सासू विहिरीच्या पायरीवरून घसरली, खुबा मोडला, पाच महिने खाटेवर पडून राहिली. तिचं सगळं मी केलं. मग ती मेली. बाई चांगली नव्हती, पण शेवाळावरून घसरून मरावं इतकी वाईटही नव्हती. त्यानंतर जिथं हिरवं बुळबुळीत दिसेल तिथं मी पातं घेऊन बसायची. सून घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, न्हाणीत हिरवं दिसलं तर त्या दिवशी जेवण नाही. आता ती पंचेचाळिशीला आली, तरी हे लोकांना सांगत असते.

आमचं गाव जळकोट आणि उदगीरच्या मधे. मुलगा उदगीरला नोकरीला आहे, सकाळच्या गाडीनं जातो, दिवेलागणीला येतो. सून घर बघते आणि शिवणकाम करते. त्यांची एकच मुलगी. ती नांदेडला एम.एस्सी. करते, झाडापानांच्या विषयात. आणि त्यातही तिनं निवडलं काय, तर हे.

"दुसरं काही मिळालं न्हाई का ग?" मी विचारलं.

"आज्जी, हे शेवाळ न्हाई. शेवाळ येगळं असतं."

"हिरवं हाय, बुळबुळीत हाय, भितीवर हाय. मग काय म्हणू त्याला?"

"तू ज्याला शेवाळ म्हणतीस त्यात चार येगयेगळ्या जाती हायेत. तुला सगळ्या एकच दिसतात."

"गावाला बी आपण असंच दिसायचो," सून गॅसपाशी उभी होती, ती तिथूनच म्हणाली.

नातीनं मला समजावून दिलं. पाण्यात दोऱ्यासारखं लोंबतं ते खरं शेवाळ. भिंतीवर मखमलीसारखं बसतं ते मॉस. जमिनीला चिकटून पसरतं, पानाचे तुकडे सांडल्यासारखं, ते लिव्हरवर्ट. आणि चौथं म्हणजे हॉर्नवर्ट, त्याला शिंगं येतात. शेवाळ सोडलं तर बाकीच्या तिघांना मुळं नसतात, फूल नसतं, बी नसतं. सगळ्या अंगानं पाणी पितात. मी म्हटलं, बरं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मुळं नसतात म्हणूनच ते पात्याला इतक्या लवकर सुटतं.

तिला दोन तालुक्यांतल्या जुन्या भिंती, विहिरी आणि किल्ल्याचे तट बघून त्यावरच्या या झाडांची यादी करायची होती. दिवाळीच्या आधी ती यादी तिच्या मॅडमला द्यायची, आणि त्यावर तिचं वर्ष. पावसाळ्यात ती घरी आली की गावभर भिंतींना नाक लावून बसायची. शेजारीण मला म्हणाली, "मावशी, तुमची नात भितीच्या कानात काय सांगून राहिली?" मी म्हटलं, "तुझंच सांगत असंल."

एक दिवस तिनं मला धरून अंगणाच्या भिंतीपाशी बसवलं. भिंतीवर वाळकं, तपकिरी, मेल्यासारखं काहीतरी होतं. तिनं त्यावर चूळ टाकावी तसं तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मी बघत होते तोवर त्या वाळक्या पानांनी अंग सोडलं, उघडली, हिरवी झाली. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग तिनं मॉसचं एक टोक दाखवलं. केसाएवढा दांडा, त्यावर खसखशीच्या बोंडासारखं, पण त्याहून कितीतरी बारीक बोंड. बोंडाच्या तोंडाला गोल रांगेत दात.

"आता त्यावर हाऽऽ कर. फुंकर न्हाई. थंडीत हातावर करतीस तसं."

मी केलं. दात हलले. एकेक आत-बाहेर झाला. मी परत केलं, परत हलले.

चहा ठेवायला आत गेले आणि चहा न ठेवताच परत बाहेर आले, दुसऱ्या भिंतीकडं गेले. साठ वर्षं मी जे खरडून नालीत टाकलं त्याला दात होते. याचं मला वाईट वाटलं असं नाही. टाकी साफ करायची नव्हती की काय? पण तेव्हापासून मला चैन पडेना. जिथं जाईन तिथं नजर भिंतीच्या पायथ्याला. दुकानात मीठ आणायला गेले आणि दुकानामागच्या ओलीत वाकून बसले. मीठ राहिलं.

पोळ्याच्या आसपास नातीला आमच्याच घरी ते शिंगांचं सापडलं. घरामागं पाण्याचा हौद आहे, आणि हौदामागं एक जुनी भिंत. भूकंपात घराला तडे गेले तेव्हा बाकीचं पाडून विटांचं बांधलं, ती एक भिंत तेवढी ठेवली. दगड आणि पांढऱ्या मातीची. हौद थोडा पाझरतो. ती ओल आणि भिंतीची पडलेली पांढरी माती यांच्यामधे परातीएवढ्या जागेत ते आलेलं. गडद हिरवं, तेलकट, कडेला चुण्या पडलेलं. त्यातून मेथीच्या कोवळ्या शेंगांसारखी शिंगं सरळ वर आलेली.

नात गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मला वाटलं हिला विंचू चावला.

"आज्जी, हे मला दोन तालुक्यांत कुठंच मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "आन् आपल्या हौदामागं."

"मग घे उपटून."

"आत्ता घेऊन उपेग न्हाई. कच्चं हाय."

तिनं मला समजावलं ते असं. शिंगाच्या आत पिठासारखे दाणे असतात, बी नव्हे पण बीसारखे. पिकल्यावर ते काळे निघाले तर ते एक घराणं, पिवळे निघाले तर दुसरं. कच्चे असताना सगळे सारखेच दिसतात. दाण्यांचा रंग कळल्याशिवाय नाव लिहिता येत नाही, आणि नाव लिहिता आलं नाही तर मॅडम ते यादीत धरणार नाहीत. यादीतलं सगळ्यात मोठं तेच होतं, बाकीचं सगळं इतरांनी आधी लिहिलेलं. शिंग केसासारखं वाढतं, बुडाकडून. म्हणून शेंडा आधी पिकतो. शेंडा तपकिरी होतो, उकलतो, आणि तुरीच्या वाळक्या शेंगेसारखा पीळ पडून दोन फाकी होतात.

तिची परीक्षा होती, तिला परत जायचं होतं. तिनं मला भिंग दिलं, एक वही दिली आणि जुन्या वर्तमानपत्राच्या आठ पुड्या दुमडून दिल्या.

"शेंडा उकलला की तेवढंच शिंग कात्रीनं कापायचं, कागदात ठेवायचं. प्लास्टिकमधे न्हाई, बुरशी येती. नळाचं पाणी घालायचं न्हाई, त्यात पावडर असती. विहिरीचं घाल. आन् साबणाचं पाणी तिकडं जाऊ द्यायचं न्हाई."

"अजून?"

"अजून काही न्हाई. तू फक्त बस आन् बघ."

ते बसणं हेच मला येत नाही.

मी परातीएवढ्या त्या जागेभोवती चार दगड ठेवले. रोज सकाळी उठून आधी तिकडं. चहा झाला की परत. सून शिवायला बसली की परत. वहीत लिहायची: आज तेहतीस शिंगं, हिरवी. आज तेहतीस, हिरवी. आज चौतीस, एक नवीन. पावसानं उघडीप दिली होती, ऊन तापत होतं. मी विहिरीवरून कळशी आणायची आणि हातानं शिंपडायची. ऊन कोणत्या वेळी कुठवर येतं ते बघून दुपारी पोतं टांगायची, ऊन हललं की पोतं काढायची. गुडघे दुखत होते. बसलं तरी दुखतात, म्हणून मी चालत होते.

"मामी, ते तुमच्या बघण्यानं लवकर पिकणार हाय का?" सून म्हणायची. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात.

"तुझ्या बोलण्यानं पिकणार हाय का?"

"मी लग्न होऊन आले तवा माझ्याकडं बी एवढं बघितलं न्हाई."

"तुला शिंगं नव्हती. पुढं फुटली."

अशात दसरा जवळ आला. आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, मी तेव्हा तीन-चार वर्षांची. वडलांनी देव उचलून नदीत सोडले. घट बसवणं बंद झालं, पण दसरा काढणं बंद झालं नाही. दसरा काढणं म्हणजे घरातली एकूणएक वस्तू बाहेर काढून धुणं, वाकळा, चादरी, डबे, हंडे, भिंती, माळा. गावातल्या हिंदू बायका घट बसायच्या आत काढतात, आम्ही विजयादशमीच्या आत काढतो. कारण वेगळं, धुणं तेच. देव सुटले, केरसुणी सुटली नाही.

आणि आमच्या घरात दसरा काढायचं म्हणजे माझं राज्य. सुनेला मी कधी एक डबा न घासता सोडू दिला नाही. एका वर्षी तिला ताप होता, तरी वाकळा धुवून घेतल्या. आता धुण्याचा दगड नेमका हौदापाशी, आणि साबणाचं पाणी उतरतं हौदामागं.

सुनेनं पहिल्या दिवशी सगळ्या वाकळा काढून दगडापाशी ढीग घातला. मी दगडावर जाऊन बसले.

"उठा मामी, भिजवायच्यात."

"इथं न्हाई."

"मग कुठं, माझ्या डोक्यावर धुऊ?"

"पाझर तलावावर ने."

सून कमरेला हात लावून उभी राहिली. "सत्तावीस वर्षं माझ्या मागं लागलात. मोरी घासली का, दगड घासला का, भितीला हिरवं का. आन् आता हिरव्यासाठी मला तलावावर पाठवता व्हय?"

"पोरीचं वर्ष हाय त्यात."

पोर तिचीच. मग म्हणाली, "माझ्या आईचं लुगडं घासून घासून फाडलंत, तवा बी असं जपलं असतं तर." पण वाकळा बांधल्या. शेजारणीच्या भावाचा टेंपो होता, त्यात सून आणि शेजारीण दोघी धुणं घालून तलावावर गेल्या. दिवसभर लागणार होता.

मी घरी एकटी. तोवर तीन-चार शिंगांचे शेंडे जरा पिवळट तपकिरी झाले होते, उकललं एकही नव्हतं. नात रोज सकाळी सुनेच्या फोनवर फोन करायची आणि मी रोज सांगायची, न्हाई अजून. त्या सकाळीही सांगितलं. ती म्हणाली, बस आज, आज-उद्या उकलंल.

मी डबे घासले. माळा झाडला. कपाटाच्या मागचं काढलं. अकरा वाजता करण्यासारखं काही उरलं नाही. जाऊन बघितलं, उकललं नव्हतं. परत आत आले, परत गेले. हौदाच्या बाजूला, त्या चार दगडांना लागूनच, एक पायरी आहे. सून संध्याकाळी ओल्या वाकळा खांद्यावर घेऊन येणार, त्या पायरीवरूनच चढणार, आणि पायरी हिरवी झालेली. महिनाभर मीच कुणाला तिकडं जाऊ दिलं नव्हतं. मला वाटलं, तेवढी पायरी काढून टाकावी. पायरीवर ते शिंगांचं नव्हतं, नुसतं बुळबुळीत होतं. मी पातं आणलं आणि बसले.

खरडायच्या कामाला एक ठेका असतो. ओढायचं, चिंधीला पुसायचं, ओढायचं. त्या ठेक्यात माझे गुडघे दुखायचे थांबतात. महिनाभरात पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. मी काय विचार करत होते ते आठवत नाही. पायरी झाली, पायरीची कड झाली, कडेच्या खालचं झालं. पात्याला दगडाऐवजी मऊ लागलं आणि पांढरी माती वर आली, तेव्हा मी थांबले.

अर्धं गेलं होतं. मी ठेवलेल्या चार दगडांपैकी एक मी स्वतःच उचलून बाजूला ठेवला होता. तो उचललेला मला अजून आठवत नाही.

मी तिथंच बसून राहिले. तेव्हा बरोबर बसता आलं. आळ घालायला दोघं होते. शेजारच्या कोंबड्या होत्या, त्या कायम उकरतात. सून होती. कोंबड्यांचं कुणालाही पटलं असतं. मी उठून आत गेले, वही काढली आणि आधी लिहून टाकलं: आज खरडलं. अर्धं गेलं. मीच. एकदा शाईनं लिहिलं की मग बदलायचा मोह होत नाही, एवढं मला माझं माहीत आहे.

मग खरडलेलं सगळं स्टीलच्या ताटात घेतलं आणि भिंग घेऊन निवडायला बसले, तांदूळ निवडतात तसं. वीस शिंगं निघाली. सात चिरडलेली. बाकीच्यांतली बरीचशी हिरवी. तीन शिंगांचे शेंडे तपकिरी होते, आणि त्यातल्या एकाला शेंड्यावर बारीक चीर पडलेली दिसली. ती पिकून पडली होती की माझ्या पात्यानं पडली होती, हे मला भिंगातूनही कळेना. मी हिरवी एका पुडीत ठेवली, तपकिरी दुसऱ्या, आणि ते एक तिसऱ्या. जमिनीत चौदा उरली होती.

सून आली तेव्हा मी तिला दाखवलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"फोन करा तिला," ती म्हणाली.

"फोनवर न्हाई."

"का?"

"फोनवर ती काय करती ते दिसत न्हाई."

सून ओल्या वाकळा दोरीवर टाकायला लागली. पाठ माझ्याकडं. "तुम्हाला बी तलावावर नेलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या हाताला काम तरी राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाबरोबरच निघाले. तो उदगीरच्या गाडीत बसला, मी नांदेडच्या. पुड्या जेवणाच्या डब्यात, डबा मांडीवर. जांब, कंधार, लोहा करत गाडी चालली. माझ्या शेजारी एक बाई होती, तिनं विचारलं, "डब्यात काय, लेकीला लाडू का?" मी हो म्हटलं. तिनं लाडू कशाचे ते विचारलं. मी म्हटलं, "मेथीचे," आणि खिडकीकडं बघत बसले. लोह्याला गाडी अर्धा तास थांबली. मी खाली उतरले, वर चढले, परत उतरले. कंडक्टर म्हणाला, "आजी, एका जागी बसा, गाडी तुम्हाला सोडून जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, मी मागून येते."

नात वसतिगृहाच्या फाटकाशी आली. मला बघून आधी घाबरली, घरी कुणाला काही झालं असं वाटलं तिला.

"सगळे बरे हायेत," मी म्हटलं. "मी ते खरडलं."

"काय?"

"हौदामागचं. अर्धं. पायरी साफ करत होते, हात चालला."

"हात चालला म्हंजे?"

"म्हंजे हात चालला."

तिनं डबा घेतला. उघडला नाही. "किती राहिलंय?"

"चौदा शिंगं."

"उकललेली?"

"एक बी न्हाई. खरडलेल्यांत एक हाय, पण ते उकललंय का फाटलंय ते मला कळंना."

ती फाटकाच्या गजाकडं बघत होती. रडली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "आज्जी, तुला काही करायचं नव्हतं. एवढंच काम दिलं व्हतं तुला, काही न करायचं."

मी तिच्या मागं फाटकातून आत गेले.

तिच्या मॅडम प्रयोगशाळेत होत्या. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, लातूरकडच्या. नातीनं त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या देखत, काही न लपवता. ते मला पटलं. मॅडम मला म्हणाल्या, "बसा आजी." मी म्हटलं, "मला बसवत न्हाई, त्याच्यानंच तर हे झालं." त्या हसल्या नाहीत. तिसरी पुडी उघडली, त्या एका शिंगाचा शेंडा चिमट्यानं उचलला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सुईनं फोडला.

आधी नातीनं बघितलं. मग मॅडमनी. माझी चप्पल मी तीन वेळा काढली-घातली.

"पिवळे नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"कच्चे तर न्हाईत ना?" नातीनं विचारलं.

"हा घोळका कच्चा आहे. पण शेंड्याकडचे बघ. काळे आहेत, सुटे झालेत, अंगावर काटे आलेत. हे पिकलेलेच आहेत."

मला त्यांनी बघू दिलं. गोल उजेडात काळपट दाणे, काटेरी. बाजूला कच्चे, चार-चार एकमेकांना चिकटलेले, मुठीत धरल्यासारखे. मी मान वर केली तेव्हा नात भिंतीला टेकून उभी होती आणि डोळे मिटलेले होते.

पण मॅडमचं झालं नव्हतं. "घराणं कळलं, यादीत येईल. पण घराण्यातलं नेमकं कोणतं, ते यावरून नाही सांगता येणार. आणि ते कशावर आलं होतं ते कसं लिहायचं? हे तर खरडून आणलेलं."

"पांढऱ्या मातीवर," मी म्हटलं. "दगडावर न्हाई. दगडाला टेकलेलं असलं तरी चिकटलेलं मातीलाच. ऊन सकाळी न्हाई, दुपारी दोनला कडेपर्यंत येतं, चारला जातं. पाणी हौदाचं पाझरतं ते, वरून विहिरीचं घातलं. उघडिपीत कडा आत वळल्या, पाणी घातलं की सुटल्या. पहिली तेहतीस शिंगं होती, नंतरचं एक माझ्यासमोर आलं. आलं तेव्हा टाचणीच्या टोकाएवढं होतं, सहा दिवसांनी नखाएवढं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "हे लिहून ठेवलंय कुठं?"

मी वही दिली. त्या उभ्यानंच वाचायला लागल्या. पानं उलटत शेवटच्या पानाशी आल्या, जिथं मी खरडल्याचं लिहिलं होतं, तिथं थांबल्या, आणि मग पहिल्यापासून परत वाचायला लागल्या. नातीला म्हणाल्या, "ही वही यादीला जोड. तारखेसकट. शेवटचं पानसुद्धा."

"शेवटचं कशाला?" नात म्हणाली.

"खरं आहे म्हणून."

मला परतीच्या गाडीची घाई लागली होती. चौदा शिंगांवर ऊन येत असेल, सुनेनं पोतं टांगलं असेल की नाही, मला दोन वाजल्यापासून तेच दिसत होतं. नात स्टँडपर्यंत आली. फलाटावर म्हणाली, "नेमकं कोणतं ते कळायला अजून पिकलेली लागतील. ती चौदा."

"हाव."

"तू तिकडं जायचं न्हाई. आई बघंल. मी तिला फोन करते."

"बरं."

"बघायला बी न्हाई जायचं, आज्जी. लांबून बी न्हाई."

"बरं म्हटलं ना."

"तू बरं म्हणतीस आन् जातीस."

गाडी लागली, मी खिडकीशी जागा धरली. ती खाली उभी राहिली, हात वर केला नाही, निघूनही गेली नाही. गाडी सुटताना तिनं फोन कानाला लावला आणि मला तिच्या तोंडाच्या हालचालीवरून कळलं, ती आईला सांगत होती. काय सांगत होती तेही कळलं. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी हिशेब करत होते की दोनची पोतं टांगायची वेळ टळली, पण चारला सून ते काढायला विसरली तर तिथं घामेजून बुरशी धरेल, आणि हे तिला सांगायला माझ्याकडं फोन नव्हता.